आतली कडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन वह्या आणल्या. एक शाळेची. तिच्यात तारीख, इयत्ता, शिकवलेला भाग आणि सही, एवढंच. मोठ्या सरांनी (मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात) तशी ताकीदच दिली आहे. दुसरी ही. हिच्यात सही नाही, म्हणून खरं लिहिता येईल.

आजपासून मी आठवीला 'जीवनकौशल्ये' शिकवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. हीच शाळा मी नववीत सोडली, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मिस्त्रींच्या हाताखाली नळ, पाइप, दारं, कुलपं, जे पडेल ते काम. गेल्या महिन्यात वरून परिपत्रक आलं की हा विषय 'स्थानिक कारागिराने' शिकवावा. त्याच आठवड्यात मी शाळेच्या टाकीचा पंप दुरुस्त करत होतो आणि बघायला जमलेल्या पोरांना काय करतोय ते सांगत होतो. मोठ्या सरांनी खिडकीतून पाहिलं. एवढ्यावर निवड झाली. मार्चमध्ये तपासणी आहे. ती नीट पार पडली तर जूनपासून मी कायम. आईने हे निम्म्या गल्लीला सांगितलं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी तिला फक्त वेळ मिळालेला नाही.

मिस्त्री सकाळी म्हणाले, "या सर, बसा. आधी चहा घेणार की आधी पाना?" दिवसभर त्यांनी हे सोडलं नाही.

तास बरा गेला. खडू दोनदा मोडला. फळ्यावर जे लिहायचं ते सगळे शब्द काल शब्दकोशात पाहून ठेवले होते. दुसऱ्या कुणाची वेलांटी चुकली तर ती चूक असते. माझी चुकली तर तो पुरावा होईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संताप आला आहे. संतापात अक्षर बिघडतं, म्हणून हळू लिहितो.

या विषयासाठी वरून अवजारांची पेटी आली आहे. पाने, पक्कड, चार मापांचे पेचकस, भोक पाडायचं हाताने फिरवायचं गिरमिट, वॉशर, बिजागऱ्या, सहा कड्या. यादी झाकणावर चिकटवली आहे. ती मी उभ्या उभ्या तीनदा वाचली. मोठ्या सरांकडे किल्ली मागितली.

"किल्ली कशाला?"

"मुलांना शिकवायला, सर."

"तोंडी शिकवा ना! तपासणीला पेटी नवी दिसायला हवी. सील तुटलं तर मी काय उत्तर देऊ?"

"पण वॉशर बदलणं तोंडी कसं..."

"गेल्या वर्षी आम्ही पोहणं पुस्तकातून शिकवलं. सगळे पास झाले."

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत.

शिकवण्यासाठी आलेली पेटी शिकवण्यापासून वाचवून ठेवायची! मी माझी कामाची पिशवी नेणार. मिस्त्रींच्या भंगारात जुने नळ पडले आहेत, तेही मागितले. "घेऊन जा," ते म्हणाले, "आणि परत आणताना शिकलेले आण."

१० फेब्रुवारी, मंगळवार

नळ खोलला. सगळा वर्ग बाकांवर चढून बघत होता. एक उंच मुलगा आहे, सगळे त्याला जिराफ म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. त्याने वॉशर हातात घेऊन विचारलं, "सर, एवढ्याशा रबरासाठी आमच्या घरी सहा महिने बादली ठेवली होती?" पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली, "बादली ठेवायला डोकं लागत नाही, म्हणून." ही मुलगी प्रत्येक गोष्ट हातात मागते. तिने नळ खोलून पुन्हा जोडला आणि एकही भाग उरला नाही. माझ्या पहिल्या नळाचे दोन भाग उरले होते. हे मी वर्गात सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. मुली बाहेर जायची परवानगी मागतात ती नेहमी जोडीने. एकीला जायचं असतं, दुसरी उगाच सोबत. तास बुडवायची ही युक्ती मला कळते, मीही शाळेत होतो. फळ्याच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात नियम लिहिला : 'एका वेळी एकानेच बाहेर जावे.' त्यानंतर कुणीच बाहेर गेलं नाही. नियम लिहून ठेवला की पाळला जातो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बसवलेला वॉशर गळतो का ते बघायला पाणी हवं होतं. टाकी बंद. मी म्हटलं, ज्याच्या बाटलीत पाणी उरलं असेल त्याने बादलीत ओता. मुलांच्या बाटल्या कोरड्या ठणठणीत. मुलींच्या गळ्यापर्यंत भरलेल्या. सकाळी घरून जशा आणल्या तशाच, दुपारी दीड वाजता!

मी वर्गात बोललो, "बघा, मुली पाणी किती जपून वापरतात. मुलांनी शिकावं." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या बाकावरची एक फिस्सकन हसली. स्तुती केलेली आवडली असावी.

घरी हे ताईला सांगितलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. तिचं मशीन थांबलं.

"तू असं वर्गात बोललास?"

"हो. का?"

"काही नाही. दोरा तुटला."

दोरा तुटलेला मला दिसला नाही. नंतर मशीनच्या तेलाची कुपी घेऊन ती उठली आणि बाथरूमच्या कडीला तेल घालून आली. दर महिन्याला घालते. ती कडी कधीच अडकत नाही, आणि मशीनचं तेल मात्र नेहमी संपलेलं असतं. मी एकदा बोललो तर म्हणाली, "तू तुझे पाने सांभाळ."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या सरांनी लेखी चाचणी घ्यायला लावली. प्रश्न त्यांनीच काढले. 'पेचकसाचे पाच उपयोग लिहा. (५ गुण)' ज्या मुलांना पेचकस हातात द्यायचा नाही, त्यांनी त्याचे पाच उपयोग लिहायचे. मला स्वतःला तीनच आठवले, आणि तिसरा म्हणजे रंगाच्या डब्याचं झाकण उघडणं.

चष्मेवालीचं उत्तर : '१. पेच काढणे. २. पेच बसवणे. बाकीचे तीन पेचकस हातात दिल्यावर सांगेन.' मी पाचपैकी पाच दिले. मोठ्या सरांनी लाल शाईने दोन केले आणि मला बोलावून म्हणाले, "उद्धट उत्तराला गुण देत जाऊ नका. तुमचं स्वतःचं शिक्षण कमी आहे, त्यामुळे तुम्हाला कळत नसेल."

मी "हो सर" म्हणालो. त्या "हो सर"ची दिवसभर चीड येत होती. अजून येते आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

ऊन वाढलं आहे. दीडच्या तासाला वर्ग भट्टीसारखा होतो. पावणेदोनला दोन मुली उठल्या, चष्मेवाली आणि तिच्या शेजारची. "सर, आम्ही जाऊ?" मी नियमाकडे बोट दाखवलं. "एकीला जायचंय ना? मग एकीने जा." दोघी खाली बसल्या. दहा मिनिटांनी चष्मेवाली बाकावरून घसरून खाली आली. डोळे पांढरे झाले होते. जिराफाने तिला उचललं. शाळेच्या मावशी (शिपायाचं काम त्याच करतात) धावत आल्या. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, मग ती उठून बसली. तिच्या बाकाखाली बाटली होती. गच्च भरलेली.

मी मावशींना म्हणालो, "सकाळी काही खाल्लं नसेल."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "सर झालात तर डोळे घरी काढून ठेवलेत का? शाळा सुटल्यावर मागे या."

इमारतीच्या मागे मी नववीपर्यंत कधी गेलो नव्हतो. मुलांची सोय पुढे, मैदानाच्या कडेला. मागे मुलींची. एक दार, साडेतीनशे मुलींना. दार धड आहे, रंगही बरा आहे. मी सवयीने आधी कडी पाहिली. कडी बाहेरून आहे. आतून नुसती गुळगुळीत फळी. कडी नाही, खिळा नाही, दोरीसुद्धा नाही.

"आत गेल्यावर दार कसं बंद करतात?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"दुसरी बाहेरून धरून उभी राहते," मावशी म्हणाल्या. "म्हणून दोघी जातात. दुसरी नसली की जात नाहीत. जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. आणि तुम्ही फळ्यावर काय लिहून ठेवलंय ते वाचता येतं हो मला."

मी वर्गात परत गेलो आणि तो नियम पुसला. नुसता हाताने पुसला तर अक्षरं अंधूक दिसत राहिली, म्हणून ओल्या फडक्याने पुसला. स्तुती मात्र पुसता येत नाही. 'मुली पाणी किती जपून वापरतात.' मी बोललो हे! मोठ्याने बोललो!

२५ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्रींकडून तासाभराची सुटी घेऊन ऑफिसात गेलो. रात्री चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं दुसरं विसरलो.

मोठ्या सरांनी शांतपणे दुरुस्तीची नोंदवही काढली. बोट ठेवून दाखवलं : 'मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवली.' तारीख चार वर्षांपूर्वीची. सह्या तीन.

"आहे ना कडी?"

"सर, ती बाहेरून आहे."

"मग? सुट्टीनंतर बंद करायला नको? कुत्री शिरतात."

"आतून नाही, सर."

"आतून दिली तर पोरी कडी लावून तास बुडवत बसतील. तुम्ही नळाचं बघा."

शाळेत दोन शिक्षिका आहेत. त्या काय करतात असं मावशींना विचारलं. दोघी जवळच राहतात, मधल्या सुट्टीत घरी जाऊन येतात. मोठ्या सरांच्या खोलीला लागून एक बाथरूम आहे, पण त्याचं दार त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे उघडतं. तिथे जायचं तर त्यांना खुर्ची पुढे घ्या म्हणायला लागतं. कोण म्हणणार?

चार वर्षं ही कडी कागदावर आहे. तीन माणसांनी सही केली. बसवणारा सुतार, तपासणारा कारकून, मोठे सर. एकालाही दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघावंसं वाटलं नाही. आणि चौथा मी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या वहीत नोंद : 'इयत्ता आठवी. दाराची कडी काढणे व बसवणे. प्रात्यक्षिक.' शब्द न् शब्द खरा आहे.

माझ्या पिशवीतलं गिरमिट आणि दोन पेचकस घेऊन सगळा वर्ग मागे नेला. मुलं आधी लांब उभी राहिली. "आम्ही तिकडे येऊ?" जिराफाने विचारलं. मी म्हटलं, दार हे दार असतं, ये आणि धर. तो दार धरून उभा राहिला. त्याच्या उंचीचा शाळेला पहिल्यांदाच उपयोग झाला, असं त्याच्या मित्रांचं म्हणणं.

नवी कडी नव्हती. पेटीत सहा आहेत, पेटीला सील आहे. म्हणून बाहेरचीच काढून आत बसवायची ठरवली. चष्मेवालीने पेच काढले, चार कडीचे, दोन कोयंड्याचे. मोजून माझ्या तळहातावर ठेवले. मग आतून पेन्सिलीने खुणा. कोयंड्याची खूण मी मुद्दामच करू दिली नाही. आधी कडी बसव, मग दार लावून कडी सरकव, ती चौकटीला जिथे टेकेल तिथे कोयंडा. घाई करणारे दोन्ही एकदम बसवतात आणि मग आयुष्यभर दार उचलून कडी लावतात. तिच्या शेजारणीने गिरमिट फिरवलं. लाकूड कठीण होतं, तिच्या तळहाताला फोड आला, तिने सोडलं नाही. जिराफ म्हणाला, "दे मी करतो." ती म्हणाली, "तू दार आहेस. दारासारखा गप्प उभा राहा."

शेवटचा पेच बसल्यावर चष्मेवाली आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. खट्. मग पुन्हा खट् आणि ती बाहेर आली.

"बसते, सर," ती म्हणाली. एवढंच.

३ मार्च, मंगळवार

मुलींच्या बाटल्या मोजल्या. एकवीसपैकी एकोणीस रिकाम्या. दुपारपर्यंत टाकीतलं पाणी संपलं म्हणून मावशी कुरकुरत होत्या आणि कुरकुरताना हसत होत्या.

६ मार्च, शुक्रवार

मोठ्या सरांना कळलं. मंगळवारी तपासणी, म्हणून ते स्वतः फेरी मारत होते.

"हे कुणाच्या परवानगीने?"

मी म्हणालो, मुलांना शिकवलं. ते म्हणाले, पोरींच्या हातात गिरमिट? पालक आले तर? नोंदवहीत कडी बाहेर आहे आणि दारावर आत आहे, जुन्या जागी सहा भोकं उघडी दिसतात, हे तपासणीला काय सांगायचं?

"सर, मी माझ्याकडची एक कडी आणतो. बाहेर एक, आत एक."

"नोंदवहीत एकच कडी आहे. दुसरी कुठून आली?"

जगात कडी असण्यालाही सही लागते!

मग त्यांनी आवाज खाली आणला. तो खाली आणला की मला जास्त भीती वाटते. "हे बघा. तुमच्या कायम होण्याचा कागद मी तयार करून ठेवलाय. आईला सांगितलंत म्हणे. सोमवारपर्यंत कडी होती तिथे गेली पाहिजे. तुम्हीच लावली, तुम्हीच काढा."

७ मार्च, शनिवार

काढली.

हे लिहायला अर्धा तास बसलो होतो. शाळा सुटल्यावर गेलो, कुणी नव्हतं. सहा पेच काढले, सहा बसवले. बाहेरची भोकं सैल झाली होती, त्यांत काड्या घालून पक्कं केलं. काम चांगलं झालं. चांगलं झालं याचीच लाज वाटते.

मनाशी म्हटलं, तपासणी होऊ दे, कायम झालो की पुन्हा आत बसवीन. हे मला खरं वाटतंय का? लिहिल्यावर वाटत नाही.

जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस. मोठ्या माणसांशी वाकडं कशाला?" ताई ताटावरून उठली. भाजी तशीच टाकून. माझ्याशी बोलली नाही. तिला वाटत असेल मी नसत्या भानगडीत पडून नोकरी घालवतो. तिचं काय जातं! तिने आठवीतच शाळा सोडली. तीही याच शाळेत होती. अभ्यासाची आवड नव्हती असं आई सांगते. जिला आवडच नव्हती तिने माझ्याकडे रागाने का बघावं?

९ मार्च, सोमवार

तपासणीच्या तयारीसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. जिराफाला 'वॉशर बदलण्याच्या आठ पायऱ्या' पाठ करायला दिल्या आहेत. तो म्हणाला, "सर, मी वॉशर बदलून दाखवतो ना, त्याला दोन मिनिटं लागतात. म्हणायला चार लागतात."

मुलींनी मला काही विचारलं नाही. एकीनेही नाही. बाटल्या बाकांखाली ओळीने, गळ्यापर्यंत भरलेल्या. चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि मग तिने चष्मा काढून पुसला, उगाचच, खूप वेळ. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई अजून बोलत नाही.

१० मार्च, मंगळवार

तपासणीच्या बाई दहाला आल्या. पन्नाशीच्या, जाड बॅग, थकलेला चेहरा. मोठ्या सरांनी चहा मागवला, नको म्हणाल्या. अकराला सरबत, नको. साडेबाराला पुन्हा चहा, नको. पाण्याच्या ग्लासालाही हात लावला नाही. कडक आहेत, मी मनात म्हटलं. कुणाचं काही घेत नाहीत.

दीडला आमचा तास. टेबलावर पेटी उघडून ठेवली होती, सील आज मोठ्या सरांनी स्वतः कात्रीने कापलं. अवजारं प्लास्टिकच्या पिशव्यांतच. मी माझी सरावाची फळी घेऊन उभा, तिच्यावर एक कडी ठोकलेली. जिराफाने आठ पायऱ्या म्हटल्या. सातवी विसरला, आठवीवर उडी मारली.

"छान," बाई म्हणाल्या. "आता कुणी काही करून दाखवेल?"

मोठे सर म्हणाले, "मॅडम, वेळ थोडा आहे, अजून वाचनालय..."

चष्मेवाली उभी राहिली. "मी कडी बसवून दाखवते."

मोठ्या सरांनी माझ्या फळीकडे बोट केलं. "हो हो, त्या फळीवर. दाखव बाळ."

"फळीवर नाही," ती म्हणाली. "दारावर. मागे."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. फळी पुढे केली की झालं होतं. फळी माझ्या हातातच होती. मला आईचा चेहरा दिसला, ती गल्लीत सांगत सुटलेली. आणि समोर भरलेल्या बाटल्यांची ओळ होती. मी फळी भिंतीला टेकवून ठेवली. पेटीतून गिरमिट आणि पेचकस घेतले. प्लास्टिक दाताने फाडलं, कारण कात्री मोठ्या सरांकडे होती. चष्मेवालीला दिले.

"चला," मी म्हणालो.

पुढचं सगळं फार साधं झालं. जिराफ न सांगता दार धरून उभा राहिला. आतली जुनी भोकं होतीच, गिरमिट फिरवायची गरजसुद्धा पडली नाही. मोठे सर बोलत होते की, मॅडम, हे कारागीर आहेत, शिक्षक नव्हेत, यांनी परवानगी न घेता... बाई ऐकत नव्हत्या. त्या दाराच्या आतल्या फळीकडे बघत होत्या.

"आधी कडी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"बाहेर," चष्मेवाली म्हणाली. "मग आत. मग बाहेर. आता आत." शेवटचा पेच तिने अर्धा वळसा जास्तच पिळला.

"चालते का, बघू," बाई म्हणाल्या. बॅग मावशींच्या हातात दिली आणि आत गेल्या. खट्.

आम्ही सगळे बाहेर उभे. मोठे सर, मी, मावशी, अख्खी आठवी. मला वाटलं कडी तपासून लगेच येतील. नाही आल्या. मोठ्या सरांनी घड्याळ पाहिलं. मग आतून बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज आला. मावशींनी मला कोपराने ढोसलं, आणि दहापासून परत गेलेले चहा, सरबत, पाणी, सगळं मला एकदम आठवलं. मी मान खाली घातली. मोठे सर अजूनही घड्याळच बघत होते.

बाई बाहेर आल्या, हात पुसले. "मला पाणी मिळेल का?" चष्मेवालीने आपली बाटली पुढे केली. त्यांनी अर्धी संपवली. मग तपासणीचा तक्ता काढला. 'दाराला कडी आहे का?' यापुढे सकाळीच कुणीतरी 'होय' लिहून ठेवलं होतं. त्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'आतून. यापुढे हलवू नये.' आणि सही केली.

आता तिलाही सही आहे.

१३ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. 'विद्यार्थ्यांकरवी शालेय मालमत्तेशी छेडछाड केल्यामुळे आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.' पेटीचा उल्लेख वेगळा : 'वेष्टन दाताने फाडले.' हे खरं आहे. पत्रात दोन शब्द चुकीचे आहेत. पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवले.

आई रडली. आता निम्म्या गल्लीला उलट सांगायचं. मिस्त्रींनी मात्र सर म्हणायचं सोडलेलं नाही, पण सूर बदलला आहे. "चला सर, टाकी चढायची आहे." संध्याकाळी मावशी रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, पेटीला पुन्हा सील लावलं, जीवनकौशल्यं आता विज्ञानाचे सर पुस्तकातून घेतात. आणि कडी? "जागेवर आहे. रोज सकाळी ती चष्मेवाली येऊन बघते. पेच ढिला वाटला तर कंपासपेटीतल्या पट्टीने पिळते."

पट्टीने! आणि चार पेचकस कपाटात.

१५ मार्च, रविवार

दुपारी आई झोपली होती. ताई मशीनवर होती. मंगळवारपासून ती पुन्हा बोलते, पण थोडंच. मी बाजूला बसून पिशवीतली अवजारं पुसत होतो. विचारायचं म्हणून विचारलं नाही, तोंडातून निघून गेलं.

"ताई, तू आठवीत शाळा का सोडलीस?"

मशीन थांबलं.

"आई म्हणते तुला आवड नव्हती," मी म्हटलं.

"गणितात माझा दुसरा नंबर असायचा."

"मग?"

"पहिली यायची ती माझी मैत्रीण. ती आत गेली की मी दार धरायची. मी गेले की ती." तिने कापड सारखं केलं. "मग तिच्या वडिलांची बदली झाली."

तिने सुईत दोरा ओवला आणि मशीन सुरू केलं.

बऱ्याच वेळाने मी उठलो. तेलाची कुपी घेतली, बाथरूमच्या कडीला दोन थेंब घातले आणि सरकवून पाहिली. ती आधीच लोण्यासारखी सरकत होती.